नदी आटली म्हणून मोटार वाढवू नका

पंचगंगेच्या काठावरून तीन प्रश्न आलेत. मार्च लागला की बंधाऱ्याच्या वरच्या डोहातलं पाणी हिरवं होतं, पहाटे मासे तोंड वर काढतात, काय टाकावं? जलपर्णीवर कोणतं तणनाशक चालेल? आणि आमच्या मोटारींनी नदी किती कमी होते, ते आम्हाला स्वतः मोजता येईल का?

तिसरा प्रश्न आधी घेतो. ते मोजलं असतं तर पहिले दोन दुकानात नेऊन विचारावे लागले नसते.

डोहात मोजू नका, तिथं पाणी उभं असतं. बंधाऱ्याच्या खाली, वाहत्या पाण्यात १० मीटरचा सरळ पट्टा धरा. लिंबू सोडा आणि सेकंद मोजा. लिंबूच घ्या, थर्माकोल वाऱ्याने पळतो. तीन वेळा सोडून सरासरी काढा. रुंदी गुणिले सरासरी खोली गुणिले वेग, आणि त्याला ०.८५ ने गुणा, कारण वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं. समजा रुंदी ६ मीटर, खोली ०.४ आणि लिंबू ५० सेकंदांत पोचलं, तर सेकंदाला सुमारे ४०८ लिटर. आता मोटार मोजा. २०० लिटरचं बॅरल १६ सेकंदांत भरलं तर साडेबारा लिटर. अशा २२ मोटारी एकदम चालल्या की २७५ लिटर गेले. नदीला उरले १३३.

लाईट यायच्या आधी एकदा आणि आल्यावर दोन तासांनी एकदा, असं आठवड्यातून दोन दिवस मोजून वहीत लिहा. थ्री फेज आली की अख्खा काठ एकदम उपसायला लागतो, हेच खरं दुखणं आहे. त्यात दुकानदाराने प्रत्येकाच्या पेटीत ऑटो, म्हणजे वीज येताच मोटार आपोआप चालू करणारा स्विच, बसवून दिलाय. तो ऑटो काढा. निम्म्या मोटारी पहिले चार तास, निम्म्या पुढचे चार तास, अशी पाळी लावा. पाटबंधारेची उपसाबंदी लागेपर्यंत थांबू नका.

आणि साडेसात एचपीची काढून दहाची मोटार बसवा, हा दुकानदाराचा सल्ला? नदीत पाणी नसताना मोठी मोटार फक्त डोह लवकर रिकामा करते. फूटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपच्या टोकाची झडप) उघडा पडला की पुढची विक्री पाइप वाढवायची. मोटार वाढवू नका.

आता हिरवं पाणी. प्रवाह मेला, वरून सांडपाणी आणि तुमच्या रानातलं नत्र आलं, ऊन तापलं की शेवाळ माजतं. रात्री तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू खातं, म्हणून मासे पहाटे वर येतात. लिटरला ४-५ मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की त्यांना त्रास सुरू होतो, आणखी उतरला की ते मरतात. यावर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायला सांगणारा दुकानदार मला दर उन्हाळ्यात भेटतो. एका गावात टाकलं होतं. शेवाळ मेलं, कुजलं, उरलासुरला प्राणवायू घेऊन गेलं. सकाळी काठाला पांढऱ्या पोटाच्या माशांची रांग लागली, आणि थोड्याच दिवसांत शेवाळ परत हजर. नदीत मोरचूद टाकू नका. थोडंही नको.

जलपर्णीचं तेच. उभ्या पाण्यात फवारून मारली की ती तळाला बसून कुजते. शिवाय टू-फोर-डी हे तणनाशक उसाला काही करत नाही, म्हणून दुकानदार बिनधास्त देतो. पण तेच पाणी खालच्या गावात द्राक्ष, टोमॅटो, भेंडीवर गेलं तर पानं आकसतात आणि भांडण तुमच्या दारात येतं. वाढायच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत, ओढून काठावर काढा आणि कुजवून खत करा. बियांवर आलेली काढून उपयोग कमी.

रात्रीत गुपचूप बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढणाऱ्यांनाही सांगतो: सगळे एकदम काढले की तळाचं काळं पाणी लोंढ्याने खाली जातं आणि खालचे मासे मरतात. तो तुमचा अधिकारही नाही.

उसाला वर्षाला एकरी एक कोटी लिटरच्या आसपास पाणी पाटाने लागतं. नदी वाचवायची जागा ती. पाचट जाळू नका. सरीत पसरा, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो जिवाणू संवर्धक. ‘लवकर कुजतं’ म्हणून युरिया दुप्पट करायला सांगतील. करू नका; जास्तीचा युरिया पहिल्या पाण्याबरोबर नदीत जातो आणि जलपर्णी पोसतो. पाचटावर एकआड सरी पाणी द्या, दोन पाण्यांमधलं अंतर आपोआप लांबतं. मला विचाराल तर ठिबकच्या आधी हे करा, खर्च नाही.

ठिबकला अनुदान अल्प-अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. पूर्वसंमतीच्या आधी संच घेऊ नका, ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या डीलरकडून तर नाहीच.

मे महिन्यात पाण्याचा नमुना तपासायला आणा. मोटार १५ मिनिटं चालवून, एक लिटर, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून. क्षारता (ईसी) २.२५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आली तर ते पाणी पिकाला देण्याआधी मला भेटा. बाटली पाण्याची असू द्या. गेल्या वेळी एकाने तणनाशकाच्या डब्यातून नमुना आणला होता, वर लेबलही तसंच.