कॉम्प्युटरचं काय ते विचारा: चांगला लॅपटॉप भंगारात द्यायचा का?

प्रश्न: माझा लॅपटॉप आय-फाइव्ह, सहाव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, ठणठणीत चालतोय. पण विंडोज १० चा सपोर्ट संपला असं सारखं स्क्रीनवर येतं आणि दुकानदार म्हणतो यावर ११ चढणार नाही, नवीनच घ्या. भाचा म्हणतो विंडोजच्या जागी लिनक्स टाक, फुकट आहे. मी सोसायटीची सेक्रेटरी, मेंटेनन्सचा हिशोब एक्सेलमध्ये, नोटिसा मराठीत, प्रिंट काढायच्या, बाकी यूट्यूब आणि नेटबँकिंग. साठीनंतर हे झेपेल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: ताई, दुकानदार खोटं बोलत नाहीये. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला आणि ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो, तुमचा त्यात बसत नाही. पण म्हणून मशीन टाकाऊ झालं असं कोणी सांगितलं? भाच्याचं ऐका, फक्त घाई करू नका. आम्हा लिनक्सवाल्यांची खोडच आहे, कोणी साधं वायफाय कसं लावू विचारलं तरी आम्ही सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर तासभर बोलतो आणि समोरचा पळून जातो.

माझं म्हणणं असं की आधी सिस्टम नको, सॉफ्टवेअर बदला. आत्ता विंडोजवरच लिब्रेऑफिस (एक्सेल-वर्डसारखं सॉफ्टवेअर) आणि फायरफॉक्स (ब्राउझर) टाका, दोन्ही फुकट, आणि महिनाभर मेंटेनन्सचा हिशोब लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये करा. एक्सेलची फाइल उघडते, बेरजा-फॉर्म्युले चालतात, मॅक्रो (एक्सेलमधले आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम) असतील तर मात्र कुरकुर होते. हे एकदा अंगवळणी पडलं की लिनक्समध्येही तेच सॉफ्टवेअर असतं, मग बदलायला उरतंच काय!

मग भाच्याला सांगा लिनक्स मिंटची (मिंट हा लिनक्सचाच एक सोपा प्रकार) एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती रिकाम्या ८ जीबी पेन ड्राइव्हवर लिहून दे (त्यावरचं सगळं पुसलं जातं बरं का). लॅपटॉप चालू करताना एफ १२ किंवा कंपनीप्रमाणे जी की असेल ती दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा, की सगळं त्यावरूनच चालू होतं, आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं आयकॉन दिसेल, त्याला अजिबात हात लावू नका. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू असतो, विंडोज ७ वापरलं असेल तर ओळखीचंच वाटेल. थोडं हळू चालेल, पेन ड्राइव्हवरून चालतंय ना. वायफाय लागतं का, आवाज येतो का, बँकेची साइट उघडते का बघा आणि एक प्रिंट काढाच, कारण लोक अडकतात ते इथे. वायफायवाले नवे प्रिंटर बहुतेक आपोआप सापडतात, जुने छोटे लेझर प्रिंटर मात्र जाम छळतात.

मराठीचं म्हणाल तर युनिकोडमधल्या (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या टायपिंगमधल्या) नोटिसा जशाच्या तशा दिसतील, मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही आहे. पण आधीच्या सेक्रेटरींनी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली इतिवृत्तं असतील तर तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही मशीनवर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, विंडोज असो की लिनक्स. ती आत्ताच युनिकोडमध्ये करून घ्या, पुढचा सेक्रेटरी दुवा देईल.

सगळं जमलं तरच बॅकअप घेऊन इन्स्टॉल करा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आणि वयाचं काढू नका हो, केरळात सरकारी शाळेतली पोरं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात, तुम्ही तर अख्खी सोसायटी सांभाळता!

प्रश्न: ऐरोलीत आमचं छोटं अकाउंटिंगचं ऑफिस आहे. टॅली चालत असेल तर सगळीच मशीन लिनक्सवर न्यावी म्हणतो.

उत्तर: नका नेऊ. टॅली विंडोजसाठी बनलंय, जुगाड करून चालवता येतं म्हणतात पण रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी जुगाड बिघडला तर क्लायंटला काय सांगाल? टॅलीची आणि डिजिटल सहीची मशीन विंडोजवरच राहू द्या. रिसेप्शनचा, फक्त मेल आणि ब्राउझरवाला पीसी मात्र खुशाल मिंटवर टाका.