मुलासाठी एसडीए फ्लॅट भाड्याने घ्यावा की कर्ज काढून घर बांधावं?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा २९ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर. एनडीआयएसच्या (ऑस्ट्रेलियातली अपंगांसाठीची सरकारी योजना) नव्या प्लॅनमध्ये त्याला ‘हाय फिजिकल सपोर्ट’ (जास्त शारीरिक मदत लागणाऱ्यांच्या) गटातलं एसडीए, म्हणजे तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी खास बांधलेलं घर, मंजूर झालंय आणि मेलबर्नच्या पश्चिमेला एका नव्या इमारतीत फ्लॅटही मिळतोय. पण “जन्मभर दुसऱ्याला भाडं का भरायचं?” असं तुमच्या यजमानांना वाटतं. त्यातच एका विक्रेत्याने सुचवलंय की राहत्या घरावर कर्ज काढा, पुण्याचा फ्लॅट विका, कमी पडलं तर सुपरचे (निवृत्तीसाठी साठवलेले) पैसे घाला आणि स्वतःच एसडीए घर बांधा. सरकार २० वर्षं पैसे देणार.

माझं मत आधीच सांगते. फ्लॅट घ्या, घर बांधू नका.

भाड्याची भीती आधी दूर करू. एसडीएमध्ये राहणाऱ्याने किती द्यायचं, याला कमाल मर्यादा आहे: डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शनच्या (अपंगत्वासाठीच्या सरकारी पेन्शनच्या) साधारण २५ टक्के आणि जो रेंट असिस्टन्स, म्हणजे भाड्यासाठीचा सरकारी भत्ता, मिळेल तो पूर्ण. हिशेबासाठी पेन्शन पंधरवड्याला १,१०० डॉलर आणि रेंट असिस्टन्स २१० डॉलर धरा. म्हणजे भाडं २७५ अधिक २१०, एकूण ४८५. आकडा मोठा दिसतो, पण ते २१० डॉलर तो भाडं भरतो म्हणूनच सेंटरलिंककडून (पेन्शन-भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याकडून) येतात. तुमच्याकडे फुकट राहत असताना ते मिळतच नाहीत. म्हणजे पेन्शनमधून खरे जातात २७५. हातात ८२५ उरतात. त्यात किराणा, वीज, इंटरनेट, फोन, कपडे बसवायचे. दर वर्षी मार्च आणि सप्टेंबरमध्ये पेन्शन वाढते तशी ही मर्यादाही थोडी सरकते. फ्लॅट किती महागडा आहे, याच्याशी तिचा काही संबंध नाही.

मग इतक्या खर्चिक घराचे पैसे कोण देतं? मोठा वाटा एनडीआयए, म्हणजे एनडीआयएस चालवणारी सरकारी संस्था, थेट घरमालक संस्थेला देते. अशा घरांत मी अशिलांबरोबर अनेकदा गेले आहे. ९५० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, छताला होइस्टचा (माणसाला उचलून हलवणाऱ्या यंत्राचा) भार पेलेल अशी रचना, वीज गेली तरी किमान दोन तास चालणारा बॅकअप. साध्या भाड्यात हे परवडणारच नाही, म्हणून हा वेगळा निधी आहे. मात्र तो फक्त वास्तूसाठी असतो. सकाळी उठवणं, अंघोळ, जेवण भरवणं, रात्री कूस बदलणं यासाठी लागणारी माणसं प्लॅनमधल्या वेगळ्या निधीतून येतात. हे दोन निधी पुष्कळ जण एकच समजतात आणि तिथेच घोळ होतो.

विक्रेत्याने तुमच्यापासून नेमकी हीच गोष्ट झाकली आहे, ताई: एसडीएचा निधी घराला चिकटलेला नसतो, तो तुमच्या मुलाच्या प्लॅनमध्ये असतो. तो जिथे राहील तिथे निधी जातो. नवं बांधलेलं घर रिकामं राहिलं तर मालकाला एक डॉलरही येत नाही. दरांचाही वेळोवेळी फेरआढावा होतो; मोठा आढावा २०२३ मध्ये झाला. तेव्हा “सरकारची २० वर्षांची हमी” हे शब्द ऐकले की तिथेच थांबा.

कुटुंबाने स्वतःचं घर एसडीए म्हणून नोंदवायला कायद्याची आडकाठी नाही. पण तुमचं वय ५८, यजमान ६२. उद्या मुलगा म्हणाला, मला शहरात मित्रांजवळ राहायचंय, तर त्याची इच्छा आणि तुमच्या कर्जाचा हप्ता एकमेकांसमोर उभे राहतील. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचं घर निवडायची संधी मिळतेय. तिच्यावर तुमच्या कर्जाचं ओझं नको, असं मला मनापासून वाटतं.

आणि सुपरचं तर नावच काढू नका. स्वतः चालवलेल्या सुपर फंडातून, म्हणजे एसएमएसएफमधून, राहण्यासाठीचं घर विकत घेऊन त्यात स्वतःच्या मुलाला ठेवणं नियमात बसत नाही, तो भाडं भरत असला तरी. ज्याने हा सल्ला दिला, त्याच्याकडून बाकी काहीही घेऊ नका.

पुण्याच्या फ्लॅटचा विचार वेगळा करा. विकला तर भारतात भांडवली नफ्यावर कर आणि अनिवासी म्हणून टीडीएस, शिवाय इथेही तो नफा दाखवावा लागेल. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते. दोन्हीकडचे हिशेब जाणणारा अकाउंटंट गाठा, घाई नको. विकलात तर पैसे मुलाच्या नावावर थेट टाकू नका, त्याची पेन्शन मालमत्तेच्या निकषात अडकेल. त्याऐवजी स्पेशल डिसॅबिलिटी ट्रस्टची, म्हणजे अपंग व्यक्तीसाठी कुटुंबाने पैसे ठेवायच्या खास ट्रस्टची, माहिती घ्या. अपंगत्व तीव्र असल्याच्या अटीत तो बसला, तर त्याच्या देखभालीसाठी आणि निवासासाठी ठेवलेली रक्कम ठराविक मर्यादेपर्यंत त्याच्या पेन्शनसाठी मोजली जात नाही. तुम्हाला दोघांना वयाच्या ६७ व्या वर्षी एज पेन्शन (सरकारी वृद्धापकाळ पेन्शन) घ्यायची असेल, तर या ट्रस्टला दिलेल्या एकूण ५ लाख डॉलरपर्यंतच्या रकमेला देणगीच्या नियमांतून (देऊन टाकलेले पैसेही पेन्शन ठरवताना तुमचेच धरणाऱ्या) सूट आहे. “आमच्यानंतर याचं काय?” असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. त्या काळजीवर मला बांधलेल्या घरापेक्षा ट्रस्ट आणि नीट केलेलं मृत्युपत्र जास्त भरवशाचं वाटतं.

आता सहीआधीचं काम. प्लॅनमध्ये कुठल्या प्रकारचं घर, किती जणांचं आणि कुठल्या भागातलं लिहिलंय ते काढा. तीन जणांच्या घराचा निधी असेल तर एकट्याच्या फ्लॅटसाठी तो कमी पडेल. मालक संस्था तेवढ्यात तयार आहे का, हे लेखी घ्या. घरमालक आणि मदतनीस पुरवणारी संस्था एकच आहे का, तेही विचारा. एकच असेल तर मदतनिसांबद्दल तक्रार करताना माणूस घराच्या भीतीने गप्प बसतो, म्हणून शक्यतो वेगळ्या असू द्या. व्हिक्टोरियात एसडीए रहिवाशांच्या करारासाठी भाडेकरू कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे, त्या नमुन्यातलाच करार मागा. आणि फ्लॅट बघायला त्याला घेऊनच जा. बाथरूममध्ये त्याची खुर्ची पूर्ण वळते का, रात्रीचा मदतनीस त्याच इमारतीत असतो का आणि घंटा वाजवल्यावर किती मिनिटांत येतो, हे त्यालाच विचारू द्या.