घोट घेताच ठसका

प्रश्न : वडिलांचा अन्ननलिकेचा कर्करोग बळावला असून पाण्याच्या घोटानेही त्यांना ठसका लागतो. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात छिद्र पडल्याने डॉक्टरांनी स्टेंट (अन्ननलिकेच्या आत बसवायची जाळीदार नळी) सुचवला आहे. तो बसवावा का?

उत्तर : या छिद्रातून अन्न, पाणी, इतकेच नव्हे तर लाळही फुफ्फुसांत उतरून न्यूमोनिया होतो, म्हणून तोंडाने काहीही देणे तूर्त थांबवावे. या अवस्थेत मोठी शस्त्रक्रिया बहुतेकांना झेपत नाही. त्यामुळे दुर्बिणीतून बसवलेला, आवरण असलेला धातूचा स्टेंट हाच सहसा योग्य मार्ग ठरतो, आणि माझेही मत तेच आहे. छिद्र झाकले गेल्याची खात्री झाल्यावर मऊ, पातळ आहार सुरू करता येतो. स्टेंट सरकू शकतो, तेव्हा ठसका पुन्हा लागल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे. झोपताना उशाकडची बाजू उंच ठेवावी.