कोरोनात शाळा उघडताना ‘शाळा सुरक्षित आहेत’ असं सांगत होते, ते खरं होतं का?

तुमचा मुलगा यंदा पहिलीत जाणार. पुन्हा तशी वेळ आली तर शाळेच्या आणि सरकारच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय. मी नवी मुंबईत, कोपरखैरण्यात एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते, राहायला कळव्याला. शाळा उघडल्या त्या वर्षी माझा मुलगा दुसरीत होता, दुसऱ्या शाळेत. त्यामुळे पालकांकडून संमतीपत्रं गोळा करायचं काम माझ्याकडे होतं आणि एका संमतीपत्रावर आई म्हणून सहीही मीच केली होती. दोन्हीकडून जे पाहिलं ते सांगते.

शाळा उघडायला हव्या होत्या, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण ‘सुरक्षित’ हा शब्द खरा नव्हता, आणि तो वापरणाऱ्यांत मीही होते.

आधी उघडायला का हव्या होत्या ते. आमच्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं माथाडी कामगारांची. सातारा, पाटण, जावळीकडची कुटुंबं, एका खोलीत सहा-सात माणसं, वडील एपीएमसीत, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात, कांदा-बटाटा नाहीतर मसाला मार्केटला. मार्केट लॉकडाऊनमध्येही चालू होतं. मे 2020 मध्ये तिथे रुग्ण वाढले म्हणून आठवडाभर बंद ठेवलं होतं. म्हणजे वडील रोज गर्दीत जाऊन रोज त्याच खोलीत परत येत होते. त्या घरातल्या मुलाला ‘घरी राहा, सुरक्षित राहा’ सांगण्यात काय अर्थ होता? घरात फोन एक, तो वडिलांच्या खिशात. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असा सरकारी उपक्रम होता, त्यातलं शिक्षण या मुलांना वडील घरी आल्यावर, फोनमध्ये चार्जिंग उरलं असलं तर मिळायचं. माझ्या वर्गातला एक मुलगा काकांबरोबर पहाटे भाजी मार्केटला पाट्या उचलायला जायला लागला होता. त्याला परत वर्गात बसवायला मला दिवाळीपर्यंत त्याच्या घरी चकरा माराव्या लागल्या.

4 ऑक्टोबर 2021 ला शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. पहिल्या आठवड्यात मी आठवीला साधा दहा ओळींचा उतारा लिहून घेतला. सहावीची परीक्षा व्हायच्या आधी घरी गेलेली ही मुलं सलग वर्गात बसत होती ती थेट आठवीत. दुसऱ्या बाकावरची मुलगी तिसऱ्या ओळीला थांबली आणि पेन ठेवून बोटं चोळायला लागली. तिला येत नव्हतं असं नाही. हात दुखत होता. दीड वर्षात तिने सलग एक पान लिहिलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या मनातली उरलीसुरली शंका गेली. शाळा बंद ठेवण्याचीही किंमत होती, फक्त ती रोजच्या आकड्यांत कुणी छापत नव्हतं.

आता सांगण्यातला गोंधळ. मे 2021 पासून सगळीकडे एकच: तिसरी लाट लहान मुलांवर येणार. राज्याने डॉ. सुहास प्रभूंच्या अध्यक्षतेखाली बालरोगतज्ज्ञांचा टास्क फोर्स नेमला, रुग्णालयांत मुलांचे वॉर्ड तयार व्हायला लागले. तयारी केली ते योग्यच होतं. पण तिसरी लाट मुलांनाच जास्त धरेल याला पुरावा नाही, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच महिन्यात सांगितलं होतं. ते किती पालकांपर्यंत पोचलं? आमच्या पालकांच्या ग्रुपवर वॉर्डांचे फोटो आले, हे आलं नाही.

मग जुलैत आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या चौथ्या सेरो सर्वेक्षणाचे आकडे आले. त्यात पहिल्यांदाच दहा वर्षांखालची मुलंही होती, आणि 6 ते 9 वर्षांच्या 57.2 टक्के मुलांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या. म्हणजे शाळा बंद असूनही निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग होऊन गेला होता. शाळा उघडायच्याच तर आधी प्राथमिकच्या उघडा, लहान मुलं हा विषाणू जास्त चांगला झेलतात, असं आयसीएमआरचे तेव्हाचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव म्हणाले. आपल्याकडे झालं उलट, आधी मोठी मुलं आणि मग लहान. त्यालाही कारणं असतील. मोठी मुलं मास्क नीट लावतात, दहावी-बारावीचं वर्ष असतं. पण दिल्ली एक सांगते आणि राज्य दुसरं करतं, यात फरक का आहे हे पालकांना कुणी बसवून सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये तर 10 तारखेला आदेश निघाला की 17 पासून शाळा, आणि दोन दिवसांत टास्क फोर्सच्या विरोधामुळे तो थांबला. आम्ही वर्ग झाडून घेतले होते. पुढे 1 डिसेंबरला पहिलीपासूनच्या शाळा उघडणार होत्या, तेवढ्यात ओमायक्रॉनची बातमी आली आणि आपल्या पट्ट्यातल्या महापालिकांनी ते दोन आठवडे पुढे ढकललं. राज्यातला पहिला रुग्णही मग इथेच डोंबिवलीत निघाला. जानेवारीत पुन्हा बंद. महिनाअखेरीला पुन्हा सुरू.

निर्णय बदलले याचा मला राग नाही. आजार नवा होता, माहिती रोज बदलत होती. राग याचा आहे की प्रत्येक वेळी तितक्याच ठामपणे सांगितलं गेलं. कालपर्यंत जे धोक्याचं होतं ते आज सुरक्षित कसं झालं, हे विचारणाऱ्या आईला घाबरट ठरवलं गेलं. ती घाबरट नव्हती. तिने दोन्ही सूचना वाचल्या होत्या, एवढंच.

सगळ्यात जास्त सांगायचंय ते खिडक्यांबद्दल.

आमच्या शाळेत तयारी म्हणजे काय आलं? सॅनिटायझरचे कॅन, दोन थर्मल गन, ऑक्सिमीटर. मैदानात सहा-सहा फुटांवर चुन्याचे गोल मारले. एका बाकावर एक मूल, एका वर्गात पंधरा-वीस. या सगळ्याचे फोटो काढून वर पाठवायचे असत. खिडकीचा फोटो कुणी मागितला नाही. हा आजार हवेतून पसरत नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2020 मध्ये ठासून सांगितलं होतं, तेच पुढच्या वर्षी बदललं. आपल्या केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेही मे 2021 मध्ये साध्या भाषेत सांगितलं होतं की मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण बारीक कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खिडक्या-दारं उघडी ठेवा. सहा फुटांचा गोल बंद खोलीत किती कामाचा, हे यातच आलं. आणि थर्मल गनला फक्त ताप कळतो. मुलांना बऱ्याचदा तापच येत नव्हता.

माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. लोखंडी चौकटीच्या पाच खिडक्या. ट्रकच्या आवाजामुळे त्या वर्षानुवर्षं बंदच असायच्या, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्यावर तसाच ऑइल पेंटचा हात फिरायचा. सप्टेंबरच्या शेवटी शिपाई मामा आणि मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. फटीतला रंग खरवडला, बिजागऱ्यांत खोबरेल तेल सोडलं. दुपारपर्यंत तीन उघडल्या. चौथीची काच तडकली तेव्हा मामा म्हणाले, “राहू द्या बाई, वरून विचारतील.” दोन तशाच राहिल्या. पंख्याने वारा लागतो, पण तो आतलीच हवा फिरवतो. बाहेरची आत यायला खिडकी लागते.

संमतीपत्राचंही तसंच. शाळेत येणं सक्तीचं नाही आणि पालकांची लेखी संमती हवी, इथपर्यंत ठीक. शाळा उघडताना सरकारने ‘माझे विद्यार्थी, माझी जबाबदारी’ अशी हाक दिली होती. आणि आम्ही जो कागद वाटला त्याच्या शेवटच्या ओळीत होतं, ‘माझ्या पाल्यास संसर्ग झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.’ माझ्या मुलाच्या शाळेच्या कागदावरही जवळपास हेच शब्द. एका बाजूला सुरक्षित म्हणायचं आणि दुसऱ्या बाजूला हे लिहून घ्यायचं. मी सही केली. त्याच्या बाबांचं म्हणणं होतं जूनपर्यंत थांबू. पण पहिलीचं अख्खं वर्ष त्याने मोबाइलच्या पडद्यावर काढलं होतं. 15 डिसेंबरला तो पहिल्यांदा त्या शाळेत गेला आणि वर्गाच्या दारात अडला, कारण मास्कमधल्या बाई त्याला ओळखूच आल्या नाहीत. त्या बोलल्या तेव्हा आवाजावरून ओळखून आत गेला.

आता जे सांगायला मला सगळ्यात जड जातं ते. डिसेंबरमध्ये आमचे गणिताचे सर पॉझिटिव्ह आले. आदल्या दिवशी माझ्याच वर्गावर त्यांचे दोन तास झाले होते. रात्री नऊला वरून मजकूर आला आणि वर्गशिक्षिका म्हणून तो मी ग्रुपवर टाकला: ‘काही तांत्रिक कारणास्तव उद्यापासून आठवी ब चा वर्ग ऑनलाइन भरेल.’ दहा मिनिटांत एका आईचा फोन. घरी सासूबाईंचं डायलिसिस चालू होतं. तिने सरळ विचारलं, “बाई, कुणाला झालंय का?” मी म्हटलं, “मला नाही हो माहीत.”

मला माहीत होतं. आजींना काही झालं नाही, पण त्यात माझं काही कर्तृत्व नाही. ती बाई त्या रात्री मुलीला आजींपासून वेगळं झोपवू शकली असती, आणि तेवढंही मी तिला करू दिलं नाही. शाळेचं नाव खराब होईल, पालक घाबरतील, उपस्थिती पडेल, अशी कारणं मला देण्यात आली होती आणि ती मी मान्य केली होती. त्याच महिन्यात घणसोलीच्या एका शाळेत मुलं पॉझिटिव्ह निघाली. घणसोली म्हणजे आमच्या शेजारचं स्टेशन. तिथे पालिकेने चाचण्या केल्या आणि आकडे बाहेर आले. भीती पसरली, हे खरं. पण त्या पालकांना काय करायचं ते ठरवता आलं. आमच्या पालकांना ‘तांत्रिक कारण’ मिळालं.

म्हणून पुन्हा वेळ आली तर शाळा सुरक्षित आहे का, हे विचारूच नका. त्याला कुणीही हो म्हणेल. माझ्या मुलाच्या वर्गाला खिडक्या किती, त्यातल्या उघडतात किती, हे विचारा आणि शक्य असेल तर जाऊन बघा. वर्गात एसी असेल तर बाहेरची हवा आत कुठून येते ते विचारा. डबा कुठे खातात, कारण मास्क तेव्हा निघतो. कुणी आजारी पडलं तर पालकांना किती तासांत कळवणार, आणि काय शब्दांत? या शेवटच्या प्रश्नावर मुख्याध्यापक अडखळले नाहीत तर माझा त्या शाळेवर निम्मा विश्वास बसेल. आणि घरी कोण आहे ते तुम्हाला शाळेपेक्षा जास्त माहीत आहे. आजी-आजोबा, दम्याचं कुणी, सगळ्यांचे डोस झालेत का. लक्षात घ्या, 15 ते 18 ची लस 3 जानेवारी 2022 ला आणि 12 ते 14 ची 16 मार्चला सुरू झाली. त्याआधी उघडलेल्या वर्गांत मुलांच्या भोवतीची मोठी माणसं हेच काय ते संरक्षण होतं.

जानेवारीच्या शेवटी पुन्हा शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी कुणाला न विचारता ग्रुपवर स्वतःचा मेसेज टाकला. वर्गात पाच खिडक्या आहेत, तीन उघडतात, दोन अडकल्यात. रोज वीस मुलं बसतील. डिसेंबरमध्ये आपल्या वर्गावर शिकवणारे एक सर पॉझिटिव्ह होते, ते मी तेव्हा सांगितलं नाही, माझं चुकलं. यापुढे कुणीही पॉझिटिव्ह आलं तर नाव न सांगता त्याच दिवशी कळवेन. धोका नाही असं मी म्हणणार नाही. पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, न पाठवल्यास अभ्यास मी फोनवर देईन.

दुसऱ्या दिवशी मला वरून बोलावून समज देण्यात आली. त्या आईचा फोन आला, ती चिडली होती आणि तिचं बरोबर होतं. तिने मुलीला आणखी दोन आठवडे पाठवलं नाही. बाकी बोलावलेल्या वीसपैकी सतरा मुलं आली. आणि मसाला मार्केटला काम करणाऱ्या एका वडिलांचं उत्तर आलं, “बाई, रविवारी मार्केट बंद असतं. खिडक्या मी येऊन काढतो.” ते पटाशी आणि हातोडी घेऊन आले. पाऊण तासात दोन्ही उघडल्या.