वाचकांचे प्रश्न : टाकीत वाळू टाकल्यावर फिल्टर का अडतो?

प्रश्न : माझ्याकडे तीन फूट लांबीची काचेची टाकी असून तीत गोल्डफिश आहेत. रंगीत खडी काढून मी गिरणेची वाळू धुऊन टाकली. तेव्हापासून टाकीतला फिल्टर घरघरतो, धार निम्म्यावर आली आहे आणि पाणी दुधाळ दिसते. मी रोज फिल्टर नळाखाली धुतो, तरी फरक पडत नाही. उलट मासे सारखे वर येऊन हवा घेऊ लागले आहेत. पुन्हा खडीच टाकावी का?
— एक वाचक, भडगाव (जि. जळगाव)

उत्तर : वाळू काढण्याची गरज नाही. आपल्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्यांची कारणे निरनिराळी आहेत. घरघर आणि मंद धार हा मोटारीत शिरलेल्या वाळूचा परिणाम आहे. दुधाळ पाणी आणि वर येणारे मासे यांचा संबंध मात्र बहुतेक खडीबरोबर टाकीबाहेर गेलेल्या जीवाणूंशी आहे. रोजच्या धुण्याने पहिली तक्रार सुटत नाही आणि दुसरी वाढते, म्हणून ते धुणे आजच थांबवावे, अशी कळकळीची विनंती आहे.

आधी मोटार पाहू. पिन बोर्डातून काढल्याशिवाय टाकीत हात घालू नये. फिल्टरचे झाकण उघडले की आतला पंखा, म्हणजे इम्पेलर, ओढून काढता येतो. त्याला जोडलेला दंडगोल हा चुंबक असतो आणि आपल्याकडच्या वाळूच्या बाबतीत खरी मेख तेथेच आहे. गिरणा, पांझरा, तापी या नद्या काळ्या बेसॉल्टच्या मुलखातून वाहत येतात. त्या खडकातले मॅग्नेटाइट हे लोहखनिज झिजून बारीक काळ्या कणांच्या रूपाने वाळूत उतरते आणि हे कण चुंबकाला दाढीच्या खुंटांसारखे चिकटून बसतात. नळाच्या धारेने ते निघत नाहीत. जुन्या टूथब्रशने घासून उरलेले कण चिकटपट्टीने टिपून घ्यावेत, चुंबक ज्या खोबणीत फिरतो ती काडीला कापूस गुंडाळून आतून पुसावी आणि मधल्या बारीक दांडीला तडा गेलेला नाही ना, हे पाहावे. चुंबकावर खोल चरे पडले असतील तर संपूर्ण फिल्टर बदलण्याआधी नुसता पंखा मिळतो का, याची चौकशी करावी. दुकानात जाताना जुना पंखा नमुन्यासाठी बरोबर न्यावा, कारण मापे सारखी नसतात.

पुढच्या वेळी वाळू आणाल तेव्हा ती वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक तिच्यातून फिरवावा. पिशवी उलटी केली की काळे कण आपोआप वेगळे होतात. मग पिठाच्या चाळणीतून खाली पडणारी भुकटी टाकून द्यावी आणि वर राहिलेली वाळू घमेल्यात, पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावी. बांधकामाची क्रश सॅण्ड मात्र टाकीत घालू नये, कारण तिच्या कणांना धारदार कडा असतात आणि गोल्डफिश तर वाळू तोंडात घेऊन चाळतच असतो. त्याच्या या सवयीमुळे वाळू सतत उडत राहते, म्हणून फिल्टरचे पाणी ओढणारे तोंड तळापासून किमान चार इंच वर घ्यावे आणि त्यावर जाड छिद्रांचा स्पंज चढवावा. तळ साफ करताना फिल्टर बंद ठेवून, वाळू पूर्ण बसल्यावरच तो सुरू करावा. भारनियमनाच्या वेळी हे काम करत असाल तर पिन आठवणीने काढून ठेवावी. अन्यथा वीज येताच मोटार सुरू होते आणि उडालेली वाळू सरळ आत ओढली जाते.

आता माशांविषयी, कारण खरी घाई तेथे आहे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू खडीवर व स्पंजमध्ये वस्ती करून असतात. खडी गेली तेव्हा त्यांतला मोठा भाग गेला आणि उरलेले नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने रोज मारले जात आहेत. वस्ती पुन्हा जमायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर खाद्य एक दिवसाआड, तेही चिमूटभरच द्यावे, रोज एक चतुर्थांश पाणी बदलावे आणि नवे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच वापरावे. स्पंज फारच तुंबला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. जुनी खडी अजून ओली असेल तर तिची मूठभर पुरचुंडी जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरच्या धारेखाली ठेवावी. फेकून देण्यापेक्षा तिचा हा उपयोग मोलाचा आहे.

हवेचा पंप या काळात रात्रंदिवस चालू हवा. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी सहज ३२ अंशांपर्यंत तापते आणि पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मुरतो. त्यातच बोअरचे पाणी क्षारयुक्त व ७ पेक्षा जास्त पीएचचे असेल, तर अमोनियाचा विषारी अंशही वाढतो.

प्रश्न : माझ्या टाकीत खडीखाली बसवायची जाळीची प्लेट आहे. तिच्यावरच वाळू पसरली तर चालेल का?
— एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)

उत्तर : चालणार नाही. त्या प्लेटचे काम खडीतल्या फटींतून पाणी खाली ओढण्याचे असते. वाळूत तेवढ्या फटी नसतात, शिवाय कण प्लेटच्या छिद्रांत अडकून ती कायमची बुजते. प्लेट काढून टाकावी, वाळूचा थर दीड इंचापेक्षा जाड ठेवू नये आणि हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावावा. त्यात चुंबक किंवा पंखा पाण्यात नसतोच, त्यामुळे वाळूच्या टाकीला मी तोच पहिल्यांदा सुचवीन. खडीसह प्लेट काढण्यापूर्वी मात्र हा नवा स्पंज जुन्या टाकीत महिनाभर चालू द्यावा.