डीव्हीडी ड्राइव्ह नसलेल्या छोट्या लॅपटॉपच्या रिकव्हरी पार्टिशनचा बॅकअप कसा घ्यावा?

तुमच्याकडे विंडोज ७ स्टार्टरचा एसर अस्पायर वन आहे, २५० जीबीची मूळ हार्ड डिस्क आवाज करू लागली आहे आणि रिकव्हरीचा प्रोग्रॅम कोऱ्या डीव्हीडी मागतो आहे. रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज पुन्हा टाकण्यासाठी कंपनीने डिस्कवर राखून ठेवलेला भाग, पेनड्राइव्हवर कॉपी केलं तर चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत: नुसतं पार्टिशन घेऊ नका, अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे फाइलींमध्ये साठवलेली हुबेहूब नक्कल, घ्या.

पीक्यूसर्व्हिस नावाचं ते पार्टिशन एकटं पुरत नाही. लॅपटॉप सुरू होताना ऑल्ट-एफ१० दाबल्यावर रिकव्हरी उघडते, ती डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, म्हणजे एमबीआरमध्ये, कंपनीने घातलेल्या कोडमुळे. शिवाय पार्टिशन टेबलमध्ये त्याचा प्रकार २७ असा नोंदलेला असतो, म्हणूनच विंडोजमध्ये ते दिसत नाही. फाइली कॉपी करून नव्या डिस्कवर टाकल्या, तर तिथे तो कोडही नसतो आणि ती नोंदही नसते. अख्ख्या डिस्कच्या इमेजमध्ये हे सगळं आपोआप येतं.

पण डिस्क आवाज करते आहे, म्हणून आधी फोटो, कागदपत्रं वगैरे स्वतःच्या फाइली दुसरीकडे काढून घ्या. विंडोज परत मिळवता येईल, त्या मिळणार नाहीत.

मग क्लोनझिला वापरा. डिस्कची इमेज घेणारा आणि पेनड्राइव्हवरून चालणारा हा प्रोग्रॅम फुकट आहे. अॅटम एन२७० सारखे जुने प्रोसेसर ६४-बिट चालवत नाहीत, त्यामुळे आय६८६ नावाची ३२-बिट आवृत्ती घ्या, थोडी जुनी असली तरी काही बिघडत नाही. रुफस या बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर टाका. हे काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा, कारण रुफसच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा रिकामाच घ्या.

लॅपटॉप नीट शट डाउन करा, हायबरनेट नको. सुरू करताना एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडा. मेनू आलाच नाही तर एफ२ने बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एफ१२ बूट मेनू चालू करावा लागतो. क्लोनझिलात डिव्हाइस-इमेज, लोकल डेव्ह आणि मग सेव्हडिस्क निवडा. इमेज ठेवायला यूएसबीची बाहेरची हार्ड डिस्क लावा. ती २५० जीबीच हवी असं नाही, कारण क्लोनझिला एनटीएफएसचा (विंडोज डिस्कवर फाइली ज्या पद्धतीने मांडतं ती) फक्त भरलेला भाग घेतो आणि तोही दाबून लहान करतो. कुठली डिस्क वाचायची आणि कुठे लिहायचं हे आकार आणि मॉडेल बघून दोनदा तपासा. रिस्टोअरडिस्क हा पर्याय बरोबर उलटं काम करतो, त्याला आत्ता हात लावू नका. शेवटी इमेज तपासायची का असं विचारेल, तिथे हो म्हणा. वेळ जाईल, जाऊ द्या. मध्येच वाचता न येणारे सेक्टर आले आणि काम थांबलं, तर एक्स्पर्ट मोडमध्ये रेस्क्यूचा पर्याय आहे.

जुन्या हार्ड डिस्कच्या जागी नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घेताना मात्र जपा. दुकानात सहज मिळते ती २४० जीबीची, आणि ती तुमच्या डिस्कपेक्षा लहान असल्यामुळे इमेज सरळ उतरणार नाही. २५६ जीबीची घ्या.

कुणाकडे यूएसबीचा डीव्हीडी रायटर असेल तर तो मागून आणून डीव्हीडीचा संचही जरूर करा. पण फक्त त्यावर विसंबू नका. घरी राइट केलेल्या डीव्हीडी काही वर्षांनी वाचल्या जातीलच याची खात्री नसते, आणि संचातली एक बिघडली की बाकीच्या कामाच्या राहत नाहीत.

इतका खटाटोप कशाला, दुकानातून विंडोज टाकून घेऊ, असं कुणी सुचवेल. फॉरमॅट मारताना तिथे सगळी पार्टिशनं उडवली जातात, आणि विकत घेतलेलं तुमचं अस्सल विंडोज त्याबरोबर जातं. कंपनीच्या रिकव्हरीतून टाकलेलं विंडोज बायोसमधली खूण ओळखून आपोआप अॅक्टिव्हेट होतं. साध्या डीव्हीडीवरून टाकलं तर लॅपटॉपच्या पोटाखालच्या स्टिकरवरची की लागते, आणि ती अक्षरं वापरून वापरून पुसट होतात. वाचता येत असेल तर आजच तिचा फोटो काढून ठेवा.

नव्या डिस्कवर इमेज उतरवल्यावर एकदा ऑल्ट-एफ१० दाबून बघा. रिकव्हरीचा पडदा आला की काही न निवडता बाहेर पडा. नाहीच आला तर बायोसमध्ये डी२डी रिकव्हरी, म्हणजे डिस्कवरूनच रिकव्हरी करण्याचा पर्याय, एनेबल्ड आहे का ते पाहा.