जळगावात नव्यानं आलेल्या पोकरवाल्या भावाला

भाऊ, गोव्याच्या कॅसिनोतली पोकरची टेबलं सुटली की जीव कासावीस होतो. मीही त्यातून गेलोय.

पहिली चूक मोबाइलवर पैसे लावायची. 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्यात पोकरही आलं. तो नाद सोडच.

दुसरी, जागरण. पहाटे मेहरूण तलावावर फिरायला ये.

आणि माणसं जोड. होल्डेम पोकरमध्ये वाटलेल्या पहिल्या दोन पत्त्यांत इक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा हाती येते. तेवढा धीर इथल्या ओळखींनाही दे. हिवाळ्यात शेतावर भरिताचं बोलावणं आलं तर नाही म्हणू नकोस. तुराट्यांच्या जाळावर हिरवी वांगी काळी होईस्तोवर भाजतात, सोलून ठेचतात, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. वांगी सोलायला तूही बस, पाहुण्यासारखा खुर्चीवर राहू नकोस.

बाकीचं जम बसल्यावर बोलू.